रंग आधी की दोरा आधी? कापडावर जंगल उभं करणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एक चित्रकला शिक्षिका सुती कापडावर अॅक्रिलिकनं जंगलाची चित्रं रंगवतात आणि त्यावर भरतकाम करतात. विषय मुळं, शेवाळ, अळंबी, वारुळं. त्यांच्या अडचणी तीन. सुई घातली की रंगाला चिरा जातात. भरलेल्या भागाभोवती कापड आक्रसतं. आणि प्रदर्शनाला काम पाठवलं की "हे हस्तकलेत द्या" असं उत्तर येतं. आधी रंगवावं की आधी शिवावं, असं त्यांनी विचारलंय.

मी बेळगावच्या वडगावात मागांच्या खडखडाटात वाढले, शिकले चित्रकला, आणि आता बरीच वर्षं रंग आणि धागा एकत्र घेऊनच काम करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते. क्रमाचं उत्तर देणारच आहे, पण ते कापड कुठलं, रंग कुठला, काम चौकटीवर ताणणार की मोकळं टांगणार यावर बरंच बदलतं. शिवाय मला वाटतं, तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे आणि ते क्रमाच्या आधी येतं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं वारूळ घ्या. तांबूस रंगात ते फार चांगलं उतरलंय. त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं अळंबीच्या छत्र्या भरल्यात. आता मनातल्या मनात तो सगळा दोरा उसवून टाका. चित्र उभं राहतं ना? वारूळ आहे, सावली आहे, छत्र्यांच्या जागी रंगवलेल्या छत्र्याही आहेत. म्हणजे दोऱ्यावाचून चित्राचं काहीच अडत नाही. परीक्षकानं ते हस्तकलेत ढकललं हे मला पटत नाही, पण त्याला काय दिसलं असेल ते कळतं. त्याला पूर्ण झालेल्या चित्रावर चढवलेली सजावट दिसली.

खऱ्या वारुळात काय चालतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. आतली वाळवी बुरशीची शेती करते. ती लाकूड-पाचोळा आत नेते, त्याच्या स्पंजासारख्या पोळ्यावर बुरशी वाढते, लाकडातला जो भाग वाळवीला पचत नाही तो बुरशी मोडते, आणि मग वाळवी ते खाते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी, तुमच्याकडून बेळगावच्या बाजारात येणारी अळंबी म्हणजे याच बुरशीचं फळ. वाळवीशिवाय ही बुरशी जगत नाही आणि या जातीच्या वाळवीचंही तिच्याशिवाय भागत नाही. तुमच्या चित्रात हा विषय आहे, चित्राच्या बांधणीत मात्र नाही. रंगाला दोरा लागत नाही, दोऱ्याला रंग लागत नाही.

मी स्वतःच्या प्रत्येक कामाला हीच कसोटी लावते. दोरा काढला तर चित्र मोडलं पाहिजे, रंग काढला तर दोरा निरर्थक झाला पाहिजे. निसर्गाचं रूप काढणं सोपं असतं, कारण आपल्याला तेच शिकवलेलं असतं. निसर्गाची रीत कामात आणायची तर आधी नियम ठरवावा लागतो आणि मग त्या नियमाला कापडावर वाढू द्यावं लागतं.

हे हवेतलं बोलणं वाटू नये म्हणून तीन उदाहरणं देते.

पहिलं आपल्या शेजारचंच. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात. आपल्याकडच्या वाकळेसारखीच वस्तू, पण शिवायची तऱ्हा बघण्यासारखी. त्या एका कोपऱ्यापासून सुरू करतात, काठाकाठानं तुकडे लावत जातात आणि फेऱ्या घेत घेत मध्याकडे येतात. आधी सगळे तुकडे मांडून, नकाशा काढून शिवत नाहीत. हाताशी जो तुकडा आहे तो शेजारच्याला बघून बसतो, आणि धावदोरा सगळ्या थरांतून जातो. शेवटी कोपऱ्यांवर घडी घातलेली तिकोनी फुलं बसवली की कवंदी पुरी झाली. नियम चार-पाचच आहेत, पण दोन गोधड्या कधी सारख्या होत नाहीत. झाडाच्या सालीवर दगडफूल पसरतं ते असंच, कडेला मिळेल तशी जागा घेत.

दुसरं उदाहरण दूरचं आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या डायना टाइमिना यांनी 1997 मध्ये क्रोशानं एक भौमितिक पृष्ठ विणलं. नियम इतकाच की दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका जास्त घालायचा. कड मध्यापेक्षा वेगानं वाढते, तिला सपाट राहायला जागा उरत नाही, मग ती लहरत जाते. कोबीवर्गातल्या भाज्यांच्या पानांची आणि समुद्रातल्या प्रवाळांची कड अशाच कारणानं लहरते. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टिन वर्थाइम या बहिणींनी 2005 मध्ये त्याच नियमावर क्रोशाचं प्रवाळबेट सुरू केलं आणि ठिकठिकाणच्या हजारो हातांनी ते वाढवलं. तुमच्या "कापड आक्रसतं" या तक्रारीशी याचा थेट संबंध आहे. कापड का आक्रसतं हे कळलं की तोच दोष हत्यार म्हणून वापरता येतो. मध्य दाट भरला आणि कड मोकळी ठेवली तर मध्य आत ओढला जातो आणि कडेला लाटा येतात. खोडावरच्या बुरशीच्या थरांना अशीच कड असते. ती ब्रशनं सावली देऊन खोटी काढण्यापेक्षा दोऱ्याच्या ताणातून खरी येऊ द्या.

तिसरं माझ्या रोजच्या कामातलं, आणि रंग-धाग्याचं नातं मला इथंच सगळ्यात जास्त आवडतं. कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. हिरडा आपल्या जंगलातलाच. त्यावर तुरटीच्या दाट पाण्यानं चित्र काढायचं. काढताना जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून मी त्यात किंचित गेरू घालते, हात कुठं फिरला ते कळावं एवढ्यापुरता. काही दिवस तसंच ठेवून वाहत्या पाण्यात धुवायचं आणि मंजिष्ठाच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळीच्या, पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं. तुरटी जिथं गेली तिथं लाल धरतो, बाकीच्या जागी अगदी फिका. लाकडी काठीनं कापड वरखाली करत राहायचं, मधेच उचलून पाहिलं तर आधी पुसट गुलाबी आणि मग हळूहळू मुळांचं जाळं वर येताना दिसतं. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं पाणी लावलं तर हिरड्यामुळे ती जागा काळी होते. हा रंग कापडावर बसत नाही, धाग्याच्या आत जातो. रंग आणि कापड वेगळे उरत नाहीत, आणि सुईला चिरायला वर काही थरच नसतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. लोखंडाचं पाणी जपून वापरा. जुन्या कलमकारी कापडांत काळ्या रेघांच्या जागीच कापड खाल्लं गेलेलं दिसतं, ते या लोखंडामुळेच. मी काळा फक्त बारीक रेघांना ठेवते, मोठ्या पट्ट्यांना नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. माझा क्रम एका वाक्यात सांगायचा तर मुरणारं आधी, बसणारं शेवटी. जो रंग धाग्यात मुरतो, म्हणजे वनस्पतीचे रंग किंवा कापडासाठीच्या माध्यमात (फॅब्रिक मीडियम) कालवलेलं पातळ अॅक्रिलिक, तो पहिल्यांदा. मग शिवण. दाट अॅक्रिलिक, जे कापडावर थर करून बसतं, ते शिवण झाल्यावर, टाक्यांच्या मधल्या जागेत, बारीक ब्रशनं. अॅक्रिलिकचा दाट थर म्हणजे प्लॅस्टिकचा पापुद्राच. सुईनं पडलेलं भोक त्यात मिटत नाही, आणि दाट भरत घातलं की भोकाभोकांनी पापुद्रा फाटतो. तुमच्या चिरा तिथून येतात. दोऱ्यावर मात्र रंग जाऊ देऊ नका. रंगात बुडालेला दोरा दोरा राहत नाही, नुसती उंच रेघ होते.

पातळ करायचं म्हणून पाणीच पाणी ओतू नका. रंग धरून ठेवणारं द्रव्य विरळ झालं की वाळल्यावर रंग हाताला लागतो. पाण्याऐवजी कापडासाठीचं माध्यम घाला. तैलरंग तर शिवायच्या कापडावर थेट अजिबात नको. जवसाचं तेल वाळताना सुती धागा हळूहळू ठिसूळ करतं, म्हणून कॅनव्हासवर आधी अस्तराचा थर देतात, आणि त्या थरात सुई घातली की पुन्हा चिरा.

हा क्रम उलटण्याची वेळही येते. काम चौकटीवर घट्ट ताणायचं असेल आणि भरत अगदी विरळ असेल तर आधी दाट रंगवून, पातळ टोकदार सुईनं नंतर टाके घातलेले चालतात. कसुतीसारखं, म्हणजे धारवाडकडच्या पारंपरिक भरतकामासारखं, धागे मोजून करायचं काम असेल तर रंग आधी मुरलेलाच हवा आणि सुई बोथट हवी, म्हणजे ती धाग्यात घुसत नाही, धाग्यांच्या मधून जाते. कसुतीत गवंती, मुरगी, नेगी, मेंती असे टाके आहेत. खाली नक्षी छापत नाहीत, गाठ मारत नाहीत, आणि गवंती नीट घातली तर पुढून-मागून सारखीच दिसते. तुम्हाला मुळांचं जाळं काढायचं असेल तर गवंतीचा अभ्यास जरूर करा. एकच दोरा जातो आणि परत येताना राहिलेल्या जागा भरतो, फांद्या फुटतात त्याही त्याच दोऱ्यातून. पण माणसं बघून शिका, आणि आपण बदललेल्या टाक्याला कसुती म्हणू नका. कसुतीला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्यामागे धारवाड भागातल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे.

कापड आक्रसण्याची कारणं साधारण सगळीकडे तीच असतात. सगळ्यात नेहमीचं म्हणजे कापडातली खळ. मागावर धागा तुटू नये म्हणून ताण्याला खळ देतात. ती न काढता रंगवलं की रंग वरवर बसतो, आणि पुढे पाणी लागलं की कापड आटतं पण भरत आटत नाही. नवं कापड रात्रभर भिजवा, धुण्याचा सोडा आणि साबण घालून उकळा, खळखळून धुवा. वाळल्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब लगेच शोषला गेला तर खळ गेली, मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा.

त्याआधी कापड खरंच सुती आहे का तेही पाहा, कारण वडगाव-शहापूरच्या मागांवर आता पॉलिएस्टर बरंच असतं आणि दुकानदार सगळ्याला कॉटनच म्हणतो. एक धागा ओढून काडीनं पेटवा. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर.

दुसरं, पातळ कापडावर दाट भरत. खाली जुन्या सुती लुगड्याचं अस्तर द्या. वर्षानुवर्षं धुतलेलं असल्यामुळे ते आणखी आटत नाही. तिसरं, गोल रिंग. रंगवलेल्या कापडाला ती कधीच लावू नका, तिचा वळ रंगात कायमचा उमटतो. मोठ्या लाकडी चौकटीवर, जरीकामाच्या अड्ड्यावर ताणतात तसं, चारी बाजूंनी दोऱ्यानं बांधून शिवा.

जोडाबद्दलही थोडं सांगते, कारण रंगवलेला तुकडा कोऱ्या तुकड्याला कसा जोडायचा यात बरेच जण गोंदाची बाटली काढतात. लाकडाचा पांढरा गोंद कापडात कडक होतो, तिथली घडी मोडते आणि पुढे तो सुटत नाही. आपल्या भागात याचं उत्तर आधीच आहे. इरकल लुगड्यात अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो. एकाचे फास दुसऱ्याच्या फासांत अडकवून ते जोडतात, कानडीत त्याला टोप तेनी म्हणतात. दोन वेगळ्या जातींचे धागे शिवण न घालता एकमेकांत राहतात. मी जाड सुती कापडाच्या कडेचे आडवे धागे काढून घेते, उभ्या धाग्यांचे असेच फास करते आणि रंगवलेला भाग कोऱ्यात अडकवते. वेळ फार जातो, पण एक भाग संपून दुसरा कुठं सुरू झाला ते कळत नाही. जंगलाची कड गावाला लागते तिथं हेच हवं असतं.

इथवरचं एकत्र करून तुमच्या वारुळाला लावते. कापड उकळून घ्या, हिरडा द्या. वारुळाचा तांबडा मंजिष्ठातून येऊ द्या. आतली पोळी धावदोऱ्यानं, दाट-विरळ ताण देत अशी शिवा की कापड उचललं जाईल. अळंबी भरू नका, जिथं दोरा दाट झालाय तिथूनच तिला वर येऊ द्या. दाट रंग लागलाच तर शेवटी, चिमूटभर. मग पुन्हा उसवण्याची कसोटी लावा.

"हस्तकलेत द्या" या उत्तरानं मन खट्टू होतं, आणि होणारच. पण धाग्याला कलेत जागा नाही हे खरं नाही. मृणालिनी मुखर्जी (1949–2015) यांनी रंगवलेला ताग हातानं गाठी मारत माणसाहून उंच, झाडाफुलांसारखी शिल्पं केली. बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे त्या शिकल्या, आणि 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. तिथं गाठ हेच शिल्प आहे, गाठी सोडल्या तर मागे काही उरत नाही. प्रिया रवीश मेहरा (1961–2018) यांनी रफूगारांसोबत काम करून रफू हाच आपला विषय केला. लावण्या मणी कलमकारीच्या पद्धतीनं, वनस्पतींच्या रंगांत आजची चित्रं करतात. यांच्या कामाची छायाचित्रं मिळाली तर धागा नेमकं काय काम करतो तेवढंच शोधत बसा. अर्जात कामाचं वर्णन लिहितानाही "अॅक्रिलिक व भरतकाम" असं लिहू नका. साहित्य नेमकं लिहा : हिरडा, तुरटी, मंजिष्ठा, सुती धागा, हातमागाचं कापड. आणि धागा चित्रात काय करतो ते दोन ओळींत सांगा. एवढ्यानं निर्णय बदलेलच असं नाही. काही ठिकाणी विभागांची चौकट इतकी पक्की असते की काम कितीही चांगलं असलं तरी फरक पडत नाही. तिथं नाद सोडून दुसरीकडे पाठवावं.

टिकवण्याबद्दल थोडं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात कापडाला बुरशी लागायला वेळ लागत नाही, आणि खळ राहिली असेल तर कसरही येते. काम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल आत कोंडते. धुतलेल्या सुती कापडात, रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर गुंडाळा. घडी घालू नका. टांगायचं असेल तर वरच्या कडेला मागून कापडी नेफा शिवून त्यात लाकडी पट्टी सरकवा, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं. भिंत आणि कापड यात बोटभर जागा सोडा. काच लावायचीच असेल तर ती कापडाला टेकू देऊ नका. वनस्पतींचे रंग उन्हात उडतात. संग्रहालयं कापडावर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत, घरी तेवढं जमलं नाही तरी खिडकीसमोरची भिंत टाळा.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही पण लिहिलंय की भरताचं बरंच काम आई आणि शेजारच्या दोघी करतात. त्यांची मजुरी तासावर ठरवा, तुकड्यावर नको, कारण असं काम तुकड्यात मोजता येत नाही. प्रदर्शनात कामाशेजारी लावायच्या चिठ्ठीवर तुमच्या नावाखाली त्यांची नावं घाला. आणि टाका कुठं दाट, कुठं विरळ हा निर्णय त्यांनाही घेऊ द्या. तुम्ही आखून दिलेली नक्षी त्यांनी भरली तर हात त्यांचा आणि चित्र तुमचं असंच राहील. नियम सांगून मोकळं सोडलंत तर तुम्हाला न सुचलेल्या जागी मुळं फुटतील. माझ्याकडे मोठ्या कामांवर बसणाऱ्या बायकांना मी फक्त दोन गोष्टी सांगते : कुठून सुरू करायचं, आणि दोन ओळी भेटल्या की काय करायचं. बाकी त्या ठरवतात.

पुढचा तुकडा झाला की फोटो टाका. पुढचा एक आणि मागच्या बाजूचा एक, तिरप्या उजेडात काढलेला. ताण कुठं चुकतोय ते त्यात लगेच कळेल.